आजी-आजोबांसकट जुन्या अम्युझमेंट पार्कात : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे भारतातून आले की शनिवार-रविवारी कुठे जायचं, हा प्रश्न आम्हा न्यू जर्सीकरांच्या घरात दरवर्षी येतो. नायगारा होतो, वॉशिंग्टन होतं, पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वराचं दर्शन होतं. मुलांना मात्र राइड्स हव्या असतात. मग एखाद्या मोठ्या थीम पार्कची तिकिटं निघतात. ज्यांना एकाही राइडमध्ये बसायचं नाही त्या आजी-आजोबांचीही पूर्ण तिकिटं काढायची आणि त्यांना दिवसभर तापलेल्या सिमेंटवर पिशव्या सांभाळत बसवायचं. आम्ही हे लागोपाठ दोन वर्षं केलं आणि दोन्ही वेळा संध्याकाळी मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या पार्कात गेलो. तेव्हापासून पाहुणे आले की मी हाच सल्ला देते : शंभर वर्षं जुनं पार्क निवडा. तिथे झाडं मोठी झालेली असतात, बाक भरपूर असतात, वाद्यं वाजत असतात, आणि नुसतं बघत बसायलाही खूप काही असतं. आपल्या गावच्या जत्रेत सगळेच आकाशपाळण्यात बसत नाहीत, तरी जत्रेला सगळे जातात. तसंच हे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तयारी कशी करावी, ते क्रमाने सांगते.

आधी पार्क ठरवा

अमेरिकेच्या ईशान्य भागात ही जुनी पार्कं का टिकली, याची एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांत विजेच्या ट्रॉली, म्हणजे ट्रामगाड्या, आल्या. आठवडाभर कामगारांची गर्दी असे, रविवारी मात्र डबे रिकामे धावत. म्हणून ट्रॉली कंपन्यांनी मार्गाच्या शेवटच्या टोकाला सहलीच्या बागा काढल्या. तिथे आधी झाडी, तळं, बँड आणि नाचाचा मांडव असे. पाळणे आणि रोलर कोस्टर नंतर आले. पिट्सबर्गजवळचं केनीवुड १८९८ मध्ये असंच सुरू झालं. पुढे मोटारी आल्या, १९२९ नंतरची मंदी आली आणि त्या काळातली बहुतेक पार्कं बंद पडली. जी उरली, ती जपली गेली म्हणून उरली.

पहिल्या खेपेला, विशेषतः वयस्कर माणसं बरोबर असतील तर, मी पेनसिल्व्हेनियातल्या एलिसबर्गचं कनोबल्स सुचवते. इंग्रजी नावातला (Knoebels) पहिला K उच्चारतात, हे रस्ता विचारताना उपयोगी पडेल. न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने साधारण अडीच-तीन तास लागतात. ४ जुलै १९२६ ला हे पार्क सुरू झालं आणि अजून त्याच कुटुंबाकडे आहे. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आत जायला तिकीट नाही आणि गाडी लावायलाही पैसे नाहीत. जेवढ्या राइड्स घ्याल तेवढेच पैसे. सासूबाईंना नुसतं झाडाखाली बसायचं असेल, तर त्या फुकट बसतात.

पिट्सबर्गला देवदर्शनाला जाणार असाल, तर दुसरा दिवस केनीवुडसाठी ठेवा. मंदिर पेन हिल्समध्ये, पार्क वेस्ट मिफ्लिनमध्ये. दोन्ही शहराच्या पूर्वेकडच्याच अंगाला. कनेक्टिकटमधल्यांना ब्रिस्टलचं लेक कंपाउन्स जवळ पडेल. ते १८४६ पासून चालू आहे आणि अमेरिकेतलं सलग चालत आलेलं सर्वांत जुनं पार्क म्हणून ओळखलं जातं. गाडी नसेल तर न्यूयॉर्कच्या सबवेने थेट कोनी आयलंडला जा. समुद्राकाठी १९२० चा वंडर व्हील हा आकाशपाळणा आहे. तो दीडशे फूट उंच, चोवीस डब्यांचा. त्यातले सोळा डबे आतल्या रुळांवर पुढे-मागे घरंगळतात आणि आठ स्थिर असतात. रांगेत उभं राहण्याआधी हा फरक नीट कळू द्या, कारण आजीला घरंगळत्या डब्यात बसवलं तर ती पुन्हा तुमच्याबरोबर कुठे यायची नाही.

दिवस कोणता?

रोज उघडी राहण्याचा हंगाम मे अखेर ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. त्याच्या आगेमागे बहुतेक ठिकाणी फक्त शनिवार-रविवार. पार्कच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ बघितल्याशिवाय गाडी काढू नका. जमलं तर आठवड्याच्या मधला वार निवडा. केनीवुडला मे-जूनमध्ये शाळांच्या सहलींची फार जुनी प्रथा आहे, त्यामुळे त्या दिवसांत पोराबाळांची झुंबड असते.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वीज-गडगडाट झाला की उंच राइड्स थांबवतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मोठ्या राइड्स सकाळी उरकायच्या आणि दुपार सैल ठेवायची, म्हणजे पावसाने दिवस वाया जात नाही.

घरून काय न्यायचं

मुलांची उंची घरीच मोजा, तीही इंचात. प्रत्येक राइडपाशी उंचीची खूण असते आणि एक इंच कमी पडला तरी बसू देत नाहीत. अर्धा तास रांगेत उभं राहून परत फिरावं लागलेलं मूल पुढचा तासभर कोणाचं ऐकत नाही. कोणत्या मुलाला काय चालेल याची यादी आदल्या रात्री त्याच्याबरोबर बसून केली, तर तो रडण्याचा प्रसंगच येत नाही.

कपड्यांबद्दल थोडं स्पष्ट सांगते. ओढणी आणि साडीचा पदर चाकाच्या किंवा दांडीच्या आसपास नको. आईंना राइडमध्ये बसायचं असेल तर पंजाबी ड्रेस घाला आणि ओढणी घरी ठेवा. बसायचं नसेल तर साडी उत्तम. लांब मंगळसूत्र कपड्याच्या आत. मागे पट्टा नसलेली चप्पल नको. चष्मा असेल तर त्याला मागून दोरी बांधा. एका पार्कात माझ्या भाच्याचा चष्मा पहिल्याच उतारावर उडाला आणि उरलेला दिवस त्याने धूसर बघत काढला. चूक आमची होती, पाटीवर लिहिलेलं होतं.

बाकी टोपी, पाण्याच्या बाटल्या, आजोबांच्या गोळ्या त्यांच्या वेळेसकट, एक पातळ चादर, थोडी रोकड. डोंगराळ भागात फोनला रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून पोहोचल्यावर लगेच सगळ्यांना एक जागा दाखवा आणि सांगा : चुकलो तर इथे भेटायचं. आम्ही कॅरोसेल, म्हणजे घोड्यांचं चक्र, ठरवतो. ते शोधावं लागत नाही, संगीताच्या दिशेने चालत गेलं की येतं.

तिकिटाचा हिशोब

जिथे राइडगणिक पैसे घेतात, तिथे दिवसभराचा हातावरचा पट्टा घ्यावा की सुटी तिकिटं, हा पहिला प्रश्न. माझा अनुभव असा : दहा-बारा वर्षांच्या पुढच्या उत्साही मुलांना पट्टा परवडतो, बाकी घरासाठी सुटी तिकिटं पुरतात. पट्ट्यात कोणत्या राइड्स येत नाहीत आणि तो कोणत्या दिवशी मिळतो, हे खिडकीवर आधी विचारा. केनीवुडसारख्या ठिकाणी प्रवेशाचंच तिकीट असतं. तिथे ज्येष्ठांसाठी सवलत आहे का, ते बघून ठेवा.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास

एकाही राइडच्या रांगेत उभे राहू नका. मुलं ओढतील, तरी सगळ्यांनी मिळून एक संथ फेरी मारा. स्वच्छतागृहं, सावली, पाणी बघून घ्या. कनोबल्समध्ये मधूनच ओढा वाहतो, त्यावर छप्पर असलेले लाकडी पूल आहेत आणि जंगलात जाऊन येणारी छोटी आगगाडी आहे. ही गाडी आजी-आजोबा आणि नातवंडांनी एकत्र करायची पहिली राइड. तिथे कोणाला पोटात कालवत नाही आणि कोणी मागे राहत नाही.

कॅरोसेलला पूर्ण तास द्या

घोड्यांचं चक्र म्हणजे लहान मुलांचं काम, असं समजून आपण पुढे निघून जातो. जुन्या पार्कात ही चूक करू नका. कनोबल्सच्या ग्रँड कॅरोसेलवर ६३ घोडे आहेत, सगळे हाताने कोरलेले. चक्र १९१३ चं, घोडे चार्ल्स कार्मेल या कारागिराचे. जवळ जाऊन बघा : मानेवरच्या आयाळीची वळणं, दात, नाल, खोगिरावरची फुलं. अमेरिकन चक्रं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, त्यामुळे बघणाऱ्याला घोड्याची उजवी बाजू दिसते. कारागिरांनी सगळं कोरीवकाम त्याच बाजूला ओतलेलं असतं. डावी बाजू पुष्कळ साधी. सर्वांत बाहेरचे घोडे सर्वांत सजलेले, आतले लहान आणि साधे. मुलांना हे दाखवलं की ती स्वतःच घोडा निवडायला लागतात. आईने पहिल्या वेळी तीन फेऱ्या नुसत्या बघण्यात घालवल्या आणि चौथ्या फेरीला रथात बसली. घोड्यावर बसता येत नसेल तर रथ असतोच, गुडघेदुखीवाल्यांनी लक्षात ठेवा.

आणि इथे एक खेळ अजून चालू आहे, जो इतरत्र जवळजवळ संपला. बाहेरच्या रांगेत बसलं की फिरता फिरता बाजूला कड्यांचा एक दांडा येतो. हात लांबवून त्यातून कडी ओढायची. बहुतेक कड्या लोखंडी निघतात. पितळेची मिळाली की पुढची फेरी फुकट. हात पुरेल अशाच मुलाला बाहेरच्या घोड्यावर बसवा आणि दुसऱ्या हाताने खांब धरायला शिकवा. आमच्या घरात ती कडी आजवर एकदाच आली, तीही माझ्या नवऱ्याला.

केनीवुडचं मोठं कॅरोसेल डेंट्झेल यांच्या कारखान्याचं. १९२६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनासाठी ते बनवलं होतं, पण वेळेत तयार झालं नाही म्हणून इकडे आलं. त्यावर घोड्यांबरोबर सिंह आणि वाघही आहेत. लहान मुलांना तो वाघच हवा असतो.

लाकडी कोस्टर : आधी बघा, मग बसा

माझे बाबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. राइडमध्ये बसायला ते तयार नव्हते, पण कनोबल्सच्या फिनिक्स या लाकडी कोस्टरपाशी ते पाऊण तास उभे राहिले. नातवाला त्यांनी जे समजावलं तेच इथे लिहिते, कारण घाबरणाऱ्या मुलाला याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडलं नाही.

चढावर गाडी साखळी ओढते. त्या वेळी येणारा टक-टक-टक आवाज म्हणजे काही मोडत नाही. गाडीखाली खीळ असते, ती दातेरी पट्टीवरून सरकते, म्हणजे साखळी तुटली तरी गाडी मागे घसरत नाही. शिखरावर आवाज थांबला की गाडी सुटली. पुढे इंजिन नाही, फक्त उतार. चाकं तीन बाजूंनी असतात : रुळावर, रुळाच्या कडेला आणि रुळाच्या खाली. खालचं चाक गाडीला वर उडू देत नाही. ही युक्ती जॉन मिलर या अभियंत्याची, आणि त्याच्यामुळेच १९२० च्या दशकात उतार इतके तीव्र करता आले. लाकडी सांगाडा गाडीखाली थोडा हलतो, कारण तो तसाच बांधलेला असतो. सांगाड्यात मधेच नव्या पिवळ्या फळ्या दिसतील. म्हणजे तिथे डागडुजी झालेली आहे. ते दिसलं की बाबा खूश होत.

फिनिक्सची कथा मुलांना नक्की सांगा. हा कोस्टर १९४० च्या दशकातला, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या प्लेलँड पार्कातला; तिथे त्याचं नाव रॉकेट होतं. ते पार्क १९८० मध्ये बंद पडलं. कनोबल्सने तो सांगाडा सोडवून, फळ्यांवर खुणा करून पेनसिल्व्हेनियात आणला आणि १९८५ मध्ये पुन्हा उभा केला. म्हणून नाव फिनिक्स, स्वतःच्या राखेतून उठणारा पक्षी. उंची ७८ फूट, वेग ताशी सुमारे ४५ मैल. आकडे ऐकून आजकालची मुलं नाक मुरडतात. पण सुरुवातीलाच अंधारा बोगदा आहे, आणि शेवटच्या टेकड्यांवर बाकावरून अंग असं वर उचललं जातं की पोटात गोळा येतो. तो गोळा इथे उंचीमुळे येत नाही, टेकड्यांच्या आकारामुळे येतो.

दोघांना मिळून एकच आडवी दांडी असते आणि ती एका ठरावीक जागी अडकते. शेजारी मोठं माणूस असलं की बारीक मुलाच्या मांडीपासून ती दूर राहते. म्हणून मूल उंचीच्या नियमात बसत असलं तरी पहिली राइड एखाद्या लहान कोस्टरवर करा आणि त्याने स्वतः मागितल्यावरच इथे या. मधल्या डब्यात सर्वांत कमी हिसके बसतात; मागच्यात सर्वांत जास्त उडायला होतं. पाठ, मान, हृदय किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, तर लाकडी कोस्टर नको म्हणजे नकोच. खडखडाट हा त्याचा स्वभाव आहे. कोनी आयलंडचा १९२७ चा सायक्लोन तर तरण्याताठ्यांनाही हलवून सोडतो.

कनोबल्समध्येच फ्लाइंग टर्न्स आहे. त्याला रूळच नाहीत; लाकडी पन्हळीतून डबे सरपटत जातात. जुन्या काळचा हा प्रकार नाहीसा झाला होता, तो २०१३ मध्ये यांनी नव्याने बांधून सुरू केला. बसायचं नसेल तरी बघून या.

केनीवुडला गेलात तर

तिथे तीन जुने लाकडी कोस्टर आहेत आणि क्रम महत्त्वाचा. आधी १९२० चा जॅक रॅबिट. तो दरीच्या उतारावर बांधलेला आहे, त्यामुळे सुरुवातच खाली जाऊन होते, आणि नंतरच्या चढावरून सुटल्यावर एकापाठोपाठ दोन उतार येतात. शेवटच्या बाकावर बसून तो दुसरा उतार घ्या. मग १९२७ चा रेसर. यात दोन गाड्या शर्यत लावतात, पण रूळ खरं तर एकच, स्वतःभोवती वळलेला. डावीकडून निघालेली गाडी उजवीकडे परत येते. असे कोस्टर जगात मोजकेच उरले आहेत. मुलांना आधी सांगू नका, उतरल्यावर विचारा : आपण चढलो कुठून आणि उतरलो कुठे? थंडरबोल्ट शेवटी. तिथे एकट्याला बसू देत नाहीत आणि वजनदार माणसाने आधी आत सरकायचं असतं, म्हणून जोड्या रांगेतच ठरवा.

नोहाज आर्क ही १९३६ ची डोलणारी नाव आहे, जिच्या आतून चालत जायचं. नुसतं चालायचं म्हणून आजी-आजोबांना पाठवावंसं वाटेल. तसं करू नका. पायाखालची जमीन हलते, अंधार असतो आणि तोल जातो. त्यांच्यासाठी सावलीतला बाक आणि बटाट्याच्या गरम फ्राइजची पुडी बरी.

जेवणाचं

कनोबल्समध्ये स्वतःचा डबा नेता येतो आणि झाडीत सहलीची बाकं-टेबलं आहेत. तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी, काकडी, आणि थर्मासमध्ये चहा, एवढं पुरे. दही-भात उन्हात ठेवायचा तर बर्फाच्या पेटीतच. इतर पार्कांत बाहेरचं खाणं चालतं का, हे आधी बघा. विकत घ्यायचं तर शाकाहारी माणसाला भाजलेलं मक्याचं कणीस, फ्राइज, आइस्क्रीम आणि पिरोगी मिळतात. पिरोगी म्हणजे बटाटा-चीज भरलेली उकडलेली करंजी. या भागातल्या कोळशाच्या खाणींत काम करायला आलेल्या पूर्व युरोपीय लोकांनी ती इथे आणली. आतलं सारण शाकाहारीच आहे आणि वर मांस घातलेलं नाही, हे मात्र विचारून घ्या.

जेवणानंतर तासभर कोस्टर नको. ती वेळ कनोबल्सच्या खाणकामाच्या छोट्या संग्रहालयाला द्या. खाणकामगारांच्या टोप्या, दिवे आणि हत्यारं बघताना बाबांना कोणी आवाज देऊनही उठवू शकलं नाही.

निघताना

दिवे लागेपर्यंत थांबा. कॅरोसेलची शेवटची फेरी दिव्यांतच घ्या. वाद्यांचा आवाज थंड हवेत लांबपर्यंत येतो आणि दमलेली मुलं त्यानेच शांत होतात. पेट्रोल मात्र येतानाच भरून ठेवा, रात्री त्या रस्त्यांवर पंप शोधत फिरायला नको. एलिसबर्गहून हमरस्त्यापर्यंतचा रस्ता काळोखा आणि वळणांचा आहे, आणि संध्याकाळनंतर हरणं अचानक आडवी येतात. एक हरीण दिसलं की मागून दुसरं येणार असं धरून चाला आणि वेग कमी ठेवा. पुढच्या सीटवर जागं राहणारं माणूस बसवा. आमच्याकडे ते काम बाबांचं.